अडवलेला शेतरस्ता कायद्यानं कसा उघडून घ्यायचा: कचेरीसमोरच्या अर्जलेखकाकडून

माझं टेबल तहसील कचेरीच्या फाटकासमोर लिंबाखाली आहे. सांगली जिल्ह्यातली कचेरी, एवढंच सांगतो. तालुक्याचं नाव घेत नाही, कारण उद्या सकाळी दहाला मला परत तिथंच बसायचंय. १९९७ पासून अर्ज लिहितोय. आधी टाइपरायटर होता, आता लॅपटॉप आहे आणि शेजारच्या झेरॉक्सवाल्याकडून ओढून घेतलेली वायर. वारसनोंद, उत्पन्नाचा दाखला, रेशनकार्ड, सगळं लिहितो. पण रस्ता अडवलेला माणूस जेवढा तापलेला येतो तेवढा कुणी येत नाही.

तो लांबूनच ओळखू येतो. हातात मोबाइल, मोबाइलमध्ये फोटो: बांधाच्या तोंडाशी टाकलेल्या बाभळीच्या काट्या, नाहीतर जेसीबीनं मारलेली आडवी चर. तासगावकडचा द्राक्षवाला असला तर म्हणतो, "छाटणी होऊन पंधरा दिवस झाल्यात, फवारणीचा ट्रॅक्टर आत जाईना, आज पाऊस पडला तर दावण्या सगळी बाग खातोय." दावण्या म्हणजे द्राक्षावरचा बुरशीचा रोग. वाळवा-पलूसकडचा असला तर उसाचं सांगतो, "तोड आलीया, गाडी फडाला लागंना, मुकादम म्हणतोय टोळी दुसरीकडं नेतो." शेवटचं वाक्य मात्र दोघांचं एकच. "आता कुऱ्हाडच काढतो."

मी म्हणतो, बस, चहा घे, कुऱ्हाडीचा अर्ज मी लिहीत नाही.

मग दोन गोष्टी विचारतो. रस्ता अडवला कधी? आणि रस्ता आधी होता का, की तुला नवा पाहिजे? पुढचं सगळं या दोन उत्तरांवर चालतं, म्हणून तुम्हीही कुणाकडं जायच्या आधी घरीच बसून ही उत्तरं शोधा. वकिलाकडं गेलात तरी तोही हेच विचारणार.

जुना रस्ता आणि सहा महिने

रस्ता आधीपासून वापरात होता आणि आता कुणीतरी अडवला, तर कायदा आहे मामलेदार न्यायालय अधिनियम, १९०६. त्याचं कलम ५. मामलेदार म्हणजे आजचा तहसीलदार. शेताला जाणारा वहिवाटीचा रस्ता, विहिरीचं किंवा पाटाचं पाणी, पावसाच्या पाण्याचा नैसर्गिक प्रवाह, यांत कुणी अडथळा केला तर तो काढून टाकण्याचा आणि पुन्हा करू नये असा मनाई हुकूम देण्याचा अधिकार या कायद्यानं तहसीलदाराला दिला आहे. दिवाणी कोर्टात मालकी कुणाची, हक्क कुणाचा, याचा काथ्याकूट वर्षानुवर्षं चालतो. इथं तेवढं खोलात जात नाहीत. काल रस्ता चालू होता, आज बंद आहे, तर आधी तो चालू करा, मालकीचं भांडण नंतर दिवाणीत भांडा. इंग्रजांनी हा कायदा शेतकऱ्याच्या प्रेमानं केला असं मला वाटत नाही. पीक शेतात अडकलं तर सारा कुठून येणार, हा त्यांचा हिशेब असणार. पण हिशेब त्यांचा असला तरी कायदा आपल्या कामाचा आहे.

त्याला एक अट आहे. अडथळा झाल्यापासून सहा महिन्यांच्या आत दावा दाखल झाला पाहिजे. सहा महिने आणि एक दिवस झाला तरी चालत नाही.

ही अट मी लोकांना इतक्या वेळा सांगितली आहे की झोपेतही सांगेन. आणि तीच मी स्वतः चुकवली. आमच्या गावच्या वडिलोपार्जित शेताला चुलतभावाच्या विहिरीशेजारून गाडीरस्ता होता. माझ्या लहानपणी त्याच रस्त्यानं बैलगाडीत बसून मी पेरणीला गेलोय. दिवाळीच्या पाडव्याच्या दुसऱ्या दिवशी त्यानं तो नांगरून टाकला. आई म्हणाली, भाऊबंदकी आहे, थांब, मी बोलते त्याच्या आईशी. बोलली. मग तुळशीचं लगीन झालं, मग त्याच्या पोरीचं लग्न निघालं, लग्नाच्या तोंडावर कशाला म्हणून थांबलो. मग यात्रा आली. यात्रेत आम्ही दोघं एकाच सासनकाठीला हात लावून नाचलो, मला वाटलं मिटलं. अक्षय्य तृतीया उलटली तरी नांगरट तशीच होती. मी दावा दाखल केला तेव्हा सहा महिने होऊन वर तीन आठवडे झाले होते. दावा मुदतबाह्य म्हणून निकालात निघाला, आणि तो निकाल बरोबर होता. कचेरीतल्या शिपायापासून सगळ्यांनी मला त्या आठवड्यात चहा पाजला. दुसऱ्यांच्या तारखा जपणारा माणूस स्वतःची तारीख विसरला, याची गंमत त्यांना वाटणारच.

तेव्हा भावकीशी जरूर बोला, बायकांना बोलू द्या, पाहुण्यांना मध्ये घाला, पण दावा दाखल करून बोला. दावा कधीही तडजोडीनं मिटवता येतो. गेलेली मुदत कोणी परत देत नाही.

रस्ता अडवला त्याच दिवशी काय करायचं तेवढं ऐका. फोटो काढा, त्यात अडथळ्याबरोबर आजूबाजूची ओळखीची खूण येऊ दे, विहिरीचा कठडा, लाइटचा खांब, देवाचा दगड काहीही. तलाठ्याकडं, म्हणजे ज्याला आता कागदोपत्री ग्राम महसूल अधिकारी म्हणायचं त्याच्याकडं, साधा अर्ज द्या की अमुक तारखेला रस्ता अडवला, जागेवर पंचनामा करावा. अर्जाच्या दुसऱ्या प्रतीवर आवक शिक्का आणि तारीख घेतल्याशिवाय तिथून उठायचं नाही. पुढं समोरचा म्हणतो, "रस्ता मी दोन वर्षांपूर्वीच बंद केलाय," तेव्हा तो निळा शिक्काच तुमच्या बाजूनं बोलतो.

काहीजण उलटी हुशारी करतात. मुदत गेलेली असते आणि म्हणतात, "कालच अडवला असं लिवा की." लिहीत नाही. दाव्याखाली तुम्ही सत्यप्रतिज्ञेवर सही करता. समोरचा मागच्या वर्षीची उपग्रहाची चित्रं काढून आणतो, त्यात नांगरलेला रस्ता दिसतो, आणि मग रस्ताही जातो, अब्रूही जाते.

रस्ता नव्हताच, किंवा मुदत गेली

तर मग महाराष्ट्र जमीन महसूल संहिता, १९६६ चं कलम १४३. शेताला जायला वाटच नसेल तर दुसऱ्याच्या सर्व्हे नंबरच्या बांधावरून रस्ता देण्याचा अधिकार तहसीलदाराला आहे. बांधावरून, हे लक्षात ठेवा. शेजाऱ्याच्या शेताच्या मधून जवळ पडतं म्हणून मधूनच द्या, असं या कलमात चालत नाही. शक्यतो दोन्ही बाजूंची सारखी जमीन जाईल असा रस्ता काढतात, आणि जमीन ज्याची त्याचीच राहते, तुम्हाला फक्त जाण्यायेण्याचा हक्क मिळतो.

इथं सहा महिन्यांची भानगड नाही. पण इथं तुम्हाला गरज सिद्ध करावी लागते. दुसरा कुठलाच रस्ता नाही का? शेत घेतलं तेव्हा कुठून जात होता? मागितलेला रस्ता सगळ्यात जवळचा आहे का, आणि शेजाऱ्याचं कमीत कमी नुकसान करणारा आहे का? एकजण माझ्याकडं आला होता, त्याच्या शेताला मागच्या अंगानं पाणंद लागून होती. त्याला पुढच्या डांबरी रस्त्याकडून वाट पाहिजे होती, कारण तिकडून जमिनीला भाव येतो. मी अर्ज लिहिला नाही. दुसऱ्यानं लिहिला. फेटाळला गेला.

आता सगळ्यात मोठी चूक सांगतो, जिच्यापायी मी चांगले चांगले दावे वाया गेलेले पाहिलेत. एकाच अर्जात दोन्ही कलमं घालतात. "कलम ५ अन्वये किंवा १४३ अन्वये रस्ता मिळावा." लिहिणाऱ्याला वाटतं, एक नाही तर एक लागेल. पण एका कलमात तुम्ही म्हणता रस्ता होता, दुसऱ्यात म्हणता रस्ता नाही. दोन्ही खरं कसं असेल? समोरचा वकील पहिल्याच तारखेला हेच पकडतो. कलम एकच धरा.

१४३ मध्ये आणखी एक सांभाळायचं. ज्या ज्या गटाच्या बांधावरून रस्ता जाणार, त्या सातबाऱ्यावरचं प्रत्येक नाव जाबदार, म्हणजे विरुद्ध पक्ष, म्हणून अर्जात आलं पाहिजे. मयत असेल तर त्याचे वारस. पुण्याला कंपनीत असलेला धाकटा, मुंबईला दिलेली मुलगी, सगळे. एक नाव राहिलं की वरिष्ठांकडं अपिलात निकाल रद्द होऊन प्रकरण फेरचौकशीला परत येतं, आणि तुम्ही दोन वर्षांनी पुन्हा लिंबाखाली. अर्ज लिहायच्या दिवशीच ताजा सातबारा काढा. डिजिटल सहीचा पंधरा रुपयांत मिळतो, त्यासाठी कंजुषी कशाला.

कागद

तुमचा आणि समोरच्याचा सातबारा, तुमचा आठ-अ म्हणजे खातेउतारा, गटाचा नकाशा, गावनकाशा, खरेदीखत किंवा वाटणीपत्र. यातला गावनकाशा लोक विसरतात आणि खरी जान त्याच्यातच असते. गावनकाशावर दुहेरी तुटक रेषा म्हणजे गाडीमार्ग, एकेरी तुटक रेषा म्हणजे पायमार्ग. तुमचा रस्ता या रेषांत सापडला तर अर्धी लढाई झाली, कारण मग तो रस्ता शेजाऱ्याच्या मेहरबानीचा राहत नाही, तो सरकारी कागदावरचा रस्ता आहे आणि त्याच्यावरचं अतिक्रमण काढायला स्वतंत्र अर्ज करता येतो. खरेदीखतातल्या चतुःसीमाही नीट वाचा. जुन्या दस्तात "पूर्वेस गाडीवाट" असे दोनच शब्द असतात, पण पन्नास वर्षांपूर्वी लिहिलेले असतात.

साक्षीदार कोण आणायचे? सरपंच नको. सरपंचाला पुढची निवडणूक असते. जो तुमच्या शेतात नांगराचा ट्रॅक्टर नेत होता तो ड्रायव्हर, शेणखत टाकणारा, दूध घालायला रोज त्या वाटेनं जाणारी म्हातारी. ही माणसं रस्ता पायांनी ओळखतात आणि उलटतपासाला डगमगत नाहीत.

कलम ५ चा दावा असा लिहितात:

"मा. तहसीलदार तथा मामलेदार न्यायालय यांचेसमोर. अर्जदार अमुक, वय, व्यवसाय शेती, राहणार अमुक. विरुद्ध जाबदार तमुक, वय, व्यवसाय, राहणार. मौजे अमुक येथील गट नंबर अमुक ही जमीन अर्जदाराच्या मालकी व वहिवाटीची आहे. सदर जमिनीत जाण्यायेण्यासाठी जाबदाराच्या गट नंबर तमुकच्या पूर्व बांधालगत दक्षिणोत्तर, सुमारे १० फूट रुंद व अमुक फूट लांब असा वहिवाटीचा गाडीरस्ता आहे. जाबदाराने दिनांक अमुक रोजी सदर रस्त्याच्या दक्षिण तोंडाशी जेसीबीने आडवी चर काढून रस्ता बंद केला आहे. सबब अडथळा दूर करून रस्ता पूर्ववत खुला करून मिळावा, व जाबदाराने पुन्हा अडथळा करू नये असा मनाई हुकूम व्हावा."

खाली कागदांची यादी, साक्षीदारांची यादी, सत्यापन आणि सही. सोबत हातानं काढलेला कच्चा नकाशा जोडा. उत्तर वर, अडथळ्याच्या जागी तांबडी फुली. शिव्या, जुनी भांडणं, "जाबदार गुंड प्रवृत्तीचा आहे" वगैरे काही घालू नका. लोक मला सांगतात, "आणखी जोरदार लिवा." दिशा, लांबी, रुंदी आणि तारीख यांच्याइतकं जोरदार दुसरं काही नसतं.

आणि तुम्ही साधाच अर्ज घेऊन गेलात, दाव्याच्या नमुन्यात नसला, तरी या कायद्यात एक माणुसकीची तरतूद आहे. तुम्हाला कोणता दाद-मार्ग आहे हे तहसीलदारानं समजावून सांगायचं, आणि तुमची इच्छा असेल तर त्याच अर्जावर तसा शेरा मारून तो दावा म्हणून धरायचा. एकोणीसशे सहा सालच्या माणसांना माहीत होतं की अर्ज आणणाऱ्याला लिहिता येत नसणार.

स्थळपाहणीचा दिवस

निकाल कचेरीत लिहितात, पण लागतो बांधावर. तहसीलदार किंवा मंडल अधिकारी जागेवर येतात, दोन्ही बाजू हजर असतात, पंचनामा होतो.

त्या दिवशी अर्धा गाव गोळा करू नका. मोटारसायकलींवरून तीस पोरं आणली की साहेबाला वाटतं, इथं शांततेचा प्रश्न आहे, रस्त्याचा नंतर बघू. चार माणसं पुरे. टेप घेऊन जा आणि मोजणी साहेबांच्या समोर होऊ द्या. जुन्या रस्त्याच्या खुणा दाखवा: चाकोरीनं घट्ट झालेली जमीन पावसात वेगळी दिसते, बांधावरच्या झाडांच्या फांद्या गाडीच्या उंचीएवढ्या छाटलेल्या असतात, ओढ्याच्या उतारावर कधीकाळी टाकलेला मुरूम असतो. एकदा एका बागायतदारानं नांगरलेल्या रानात कुदळ मारून खालचा मुरुमाचा थर उघडा करून दाखवला होता. समोरचा काही बोललाच नाही.

पंचनामा वाचल्याशिवाय सही करायची नाही. "सदर ठिकाणी रस्त्याच्या खुणा आढळून येत नाहीत" असं एखादं वाक्य घाईत येतं. चुकीचं असेल तर तिथंच लेखी हरकत द्या.

मग तारखा. प्रत्येक तारखेला जा, रोजनाम्यात, म्हणजे प्रकरणाच्या तारीखवार नोंदीत, तुमची हजेरी लागू दे. प्रकरण रेंगाळलं तर रोजनाम्याची नक्कल मागा. मिळाली नाही तर माहिती अधिकारात दहा रुपयांचा अर्ज टाका, तीस दिवसांत उत्तर द्यावं लागतं. माझा अनुभव असा की नकलेचा अर्ज आला की फाइल आपोआप वर येते.

पोलिसांकडं जायचं का?

मारामारी झाली, धमकी दिली, तर जायचं. नुसत्या रस्त्यासाठी पोलीस म्हणतात, "दिवाणी बाब आहे, तहसीलदाराकडं जा," आणि बहुतेक वेळा ते बरोबरच असतात. शांतता बिघडायचा धोका असला तर दोन्ही बाजूंवर चॅप्टर केस, म्हणजे शांतता राखण्याची हमी घेण्याची कारवाई, करतात. दोन्ही बाजूंवर, हे नीट ऐका. म्हणजे ज्याचा रस्ता गेला त्यालाही शांतता राखण्याचा बॉण्ड द्यावा लागतो, तोही त्याच तहसीलदारापुढं, जो कार्यकारी दंडाधिकारीही असतो. म्हणून म्हणतो, हात उचलू नका. रस्त्याच्या फाइलशेजारी तुमच्या नावाची दुसरी फाइल उभी राहते.

या चॅप्टरला जुनी माणसं "एकशेसात" म्हणतात, म्हणजे जुन्या फौजदारी प्रक्रिया संहितेचं कलम १०७. १ जुलै २०२४ पासून नवे फौजदारी कायदे आले आणि ते कलम भारतीय नागरिक सुरक्षा संहितेत १२६ झालं. गंमत अशी की भारतीय न्याय संहितेतही, म्हणजे जुन्या दंड संहितेच्या जागी आलेल्या कायद्यातही, १२६ कलम आहे आणि ते कुणाची वाट बेकायदा अडवण्याचं आहे. म्हणजे वाट अडवणाऱ्यावर एकशेसव्वीस आणि वाट अडवली म्हणून भांडणाऱ्यावरही एकशेसव्वीस. कुणी एकशेसव्वीस म्हटलं की आधी कायदा कोणता ते विचारा.

बहिणीचा हिस्सा

हे वेगळं सांगायला पाहिजे, कारण गेल्या काही वर्षांत माझ्याकडच्या रस्त्याच्या अर्जांचा चेहराच यानं बदलला. १९९४ साली महाराष्ट्रानं आणि २००५ साली केंद्रानं वडिलोपार्जित मिळकतीत मुलीला मुलासारखा हिस्सा दिला. २०२० साली सर्वोच्च न्यायालयानं सांगितलं की त्यासाठी कायदा आला तेव्हा वडील हयात असले पाहिजेत असं काही नाही. पूर्वी भाऊ बहिणीला साडी नेसवून दुय्यम निबंधकाकडं न्यायचा आणि हक्कसोड करून आणायचा. अजूनही नेतो. पण आता काहीजणी म्हणतात, साडी राहू दे, वीस गुंठे दे.

भाऊ देतातही. मधलं देतात, ओढ्याकाठचं, जिथं जायला वाट नाही. एक बाई आली होती, तिच्या भावानं तिला तोंडावर म्हटलेलं, "हिस्सा मागितलीस, दिला. रस्ता कुठं मागितला होतास?"

भावाला माहीत नव्हतं, पण या वाक्याला १८८२ च्या सुखाधिकार कायद्यात, म्हणजे दुसऱ्याच्या जमिनीवरून जाण्यासारख्या हक्कांच्या कायद्यात, उत्तर आहे. एकत्र मिळकतीची वाटणी झाली आणि एखाद्या हिश्श्याचा उपभोग दुसऱ्याच्या हिश्श्यातून गेल्याशिवाय घेताच येत नसेल, तर गरजेपोटीचा रस्ता तिला आपोआप मिळतो. मागितला नव्हता तरी. मात्र हा हक्क दिवाणी कोर्टात शाबीत करावा लागतो, आणि ते लांबतं. म्हणून वाटणी होत असतानाच, मग ती नोंदणीकृत असो की तहसीलदारासमोरची जमीन महसूल संहितेच्या कलम ८५ ची, वाटपाच्या कागदात रस्ता लिहून घ्या. कुठून, कुठपर्यंत, किती फूट. "जाण्यायेण्याचा हक्क राहील" एवढ्यानं भागत नाही, तो कुठून राहील ते सांगावं लागतं.

दिवाणीचा विषय निघाला म्हणून एवढंच: वीस वर्षं उघडपणे, हक्कानं, खंड न पडता रस्ता वापरला असेल तर त्याच कायद्यानं वहिवाटीचा हक्क पक्का होतो, पण अडवल्यापासून दोन वर्षांत दावा लावावा लागतो. त्यासाठी वकील गाठा, माझ्यासारख्याचं ते काम नाही. फी परवडत नसेल तर तालुका विधी सेवा समिती आहे. स्त्रियांना तिथं उत्पन्नाची अट न बघता मोफत वकील मिळतो.

मिटवायचं असेल तर

आपल्या भागाला गावातल्या गावात निवाडा करायची सवय जुनी आहे. शिवकाळात हद्दीचे तंटे गोतसभा बसून ठरवायची आणि महजर, म्हणजे निवाड्याचा दस्त, लिहायची. १९४३ नंतर क्रांतिसिंह नाना पाटलांच्या प्रतिसरकारनं याच सातारा-सांगलीच्या गावांत न्यायदान मंडळं चालवली. माझे आजोबा सांगायचे, निवाडा पटला नाही तरी मानावा लागे, कारण न मानण्याची हिंमत कुणाला नव्हती. आणि २००७ साली तंटामुक्त गाव मोहीम काढली ती आपल्याच अंजनीच्या आर. आर. आबा पाटलांनी, तेव्हाच्या गृहमंत्र्यांनी.

तंटामुक्त समितीत मिटत असेल तर मिटवा, चांगलंच आहे. फक्त शंभराच्या, म्हणजे आता पाचशेच्या स्टॅम्पवर चार ओळी लिहून पाच पंचांच्या सह्या घेतल्या म्हणजे रस्ता पक्का झाला असं समजू नका. शेजाऱ्यानं उद्या जमीन विकली की नवा मालक तो कागद हातातही घेणार नाही. रस्त्याचा करार दुय्यम निबंधकाकडं नोंदवा. दावा चालू असेल तर तडजोडनामा प्रकरणात दाखल करून त्याप्रमाणे आदेश घ्या, किंवा दिवाणी दावा असेल तर लोकअदालतीत मिटवा. तिथल्या निवाड्याला कोर्टाच्या हुकूमनाम्याचं बळ असतं आणि त्यावर अपील नाही.

निकाल लागल्यावर

लोक पेढे वाटतात. मी म्हणतो, आधी प्रमाणित प्रतीचा अर्ज टाक. समोरचा वर जाणार आहे. १४३ चा निकाल असेल तर साठ दिवसांत प्रांतांकडं, म्हणजे उपविभागीय अधिकाऱ्यांकडं, अपील, नाहीतर एक वर्षाच्या आत दिवाणी दावा. मामलेदार कायद्यात अपील नाही, पण फेरतपासणी आहे, आणि ती बहुधा प्रांतांकडंच चालते. तिथून स्थगिती यायच्या आत रस्ता जागेवर उघडून घ्या. अंमलबजावणीसाठी लेखी अर्ज करा, गरज वाटली तर पोलीस बंदोबस्त मागा, आणि रस्ता उघडताना पंचनामा करून घ्या.

मनाई हुकूम मोडून त्यानं पुन्हा काट्या टाकल्या, तर न्याय संहितेच्या कलम २२३ खाली गुन्हा होतो. पण ती तक्रार तुम्ही करायची नसते, ज्यांचा हुकूम मोडला त्या अधिकाऱ्यांनी करायची असते. लोक ठाण्यात हेलपाटे घालतात आणि परत येतात. अर्ज तहसीलदारांना द्या.

शेवटचं काम म्हणजे नोंद. मंजूर झालेले रस्ते सातबाऱ्यावर इतर हक्कात नोंदवावेत असा शासन निर्णय २०२५ च्या मे महिन्यात निघाला आहे. त्याचा हवाला देऊन फेरफारासाठी अर्ज करा, आणि नोंद दोन्ही गटांवर झाली का ते बघा. नुसती तुमच्याच गटावर झाली तर तिचा उपयोग नाही.

माझा स्वतःचा रस्ता शेवटी १४३ मधून मिळाला. विहिरीशेजारचा जुना सरळ रस्ता गेलाच. आता बांधानं वळसा घालून जातो, आणि त्यापायी चौदा महिने गेले. रस्ता उघडला त्या दिवशी मुरुमाच्या दोन खेपा मी स्वखर्चानं टाकल्या, चुलतभावाच्या बाजूच्या खड्ड्यातही टाकल्या, कारण पावसाळ्यात त्याचाही ट्रॅक्टर तिथंच रुततो. नोंद झाल्यावर दोन्ही सातबारे काढले आणि त्याची प्रत त्याला नेऊन दिली. त्यानं ती वाचली नाही. घडी घालून टोपीत ठेवली आणि विचारलं, मोटार चालू करणार आहेस का, तर आधी माझ्या उसाला पाणी जाऊ दे.